कसारा घाट, उतरताना

इगतपुरी मुंबईकराला ठाऊक असते ती गाडीच्या खिडकीतून. कसाऱ्याला गाडीला मागून जादा इंजिन लागतं, पोरं बोगदे मोजतात, मग फलाटावरचा गरम वडा हातात येतो आणि घाट संपलेला असतो. मी हा घाट सायकलवरून चढलो आणि दुसऱ्या दिवशी सायकलवरूनच उतरलो, त्यातला बराचसा ब्रेकशिवाय. हे लिहून काढ असं व्यायामशाळेतली मंडळी दोन महिने मागे लागली होती, कारण तोंडी सांगताना मी मध्येच चिडतो, शिव्या सुरू होतात आणि गोष्ट तिथेच राहते. लिहिताना शिव्या गाळता येतात. बघू किती जमतं ते.

शर्यत दोन दिवसांची. पहिल्या दिवशी मुलुंड चेकनाक्यापासून इगतपुरी, दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने परत. दोन्ही दिवसांचा वेळ मिळवून नंबर काढायचे. आमच्या व्यायामशाळेतून आम्ही दोघं, मी आणि सुध्या. मी कांजूरमार्गच्या एका कारखान्यात फिटर, वजन ऐंशी किलो, चढावर माझी फे फे उडते पण सपाटीला आणि उताराला माझ्यासारखा मीच. सुध्या म्हणजे सुधाकर, माझा शाळेपासूनचा दोस्त, काडी पैलवान. चढ आला की हा पठ्ठ्या गुणगुणायला लागतो. आणि उतार आला की याची वाट लागते.

वाट लागायला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी याच घाटात, याच शर्यतीत तो पडला. खांद्याचं हाड मोडलं, तीन महिने हात गळ्यात. तेव्हापासून उतार दिसला की त्याची बोटं आपोआप ब्रेकवर आवळतात, तीही भर वळणात, जिथे आवळायची नसतात तिथेच. चढावर कमावलेलं सगळं तो उतारावर वाटून टाकतो. "सुध्या, तू दानशूर आहेस," असं मी त्याला म्हणायचो. तो हसायचा. पण या वर्षी हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. त्याच्या वडिलांची गिरणी संपात बंद पडली ती पडलीच, आणि सुध्या चार वर्षं इथे तीन महिने, तिथे दोन महिने असा टेंपररीत फिरत होता. एका मोठ्या कंपनीच्या क्रीडा विभागाच्या साहेबांनी त्याला स्वच्छ सांगितलं होतं: दोन दिवस मिळून पहिल्या पाचांत ये, कायम नोकरी देतो. सहावा आलास तर पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी सुध्या तिशीचा होणार होता. म्हणजे हीच वेळ.

मुलुंड ते कसारा

पहाटे चेकनाक्यावर चाळीसेक सायकलवाले जमले होते. थंडी मुंबईची, म्हणजे नावापुरती, तरी सगळे हात चोळत होते, कारण मागच्या टेम्पोत बसलेल्या लोकांना तेवढंच दाखवता येतं. आमचा टेम्पो गौतमदादाचा. गौतमदादाचं कांजूरला सायकलचं दुकान, आमच्या दोन्ही सायकली त्याने हाताने जुळवलेल्या. तरुणपणी तो स्वतः शर्यती मारायचा. आता पोट सुटलंय, पण चाक नुसतं फिरवून, कान लावून तो सांगतो कुठली तार ढिली आहे ते.

"ऐक विज्या," तो मला म्हणाला, "आज तू शर्यतीत नाहीस. आज तू भिंत आहेस. कसाऱ्यापर्यंत सुध्याला वारा लागता कामा नये."

ज्यांनी सायकलची शर्यत पाहिली नाही त्यांना वाटतं, जो जोरात पायडल मारतो तो जिंकतो. तसं नसतं हो. पुढचा माणूस वारा फोडतो, मागचा त्याच्या चाकाला चाक लावून आरामात येतो. म्हणून शहाणी माणसं पुढे जायला कधीच उत्सुक नसतात. चाळीस जण रस्त्यावर असतात आणि प्रत्येकजण "आधी आपण, आधी आपण" करत दुसऱ्याला पुढे ढकलत असतो, लग्नाच्या पंगतीत पहिलं कोण बसणार तसं. लाल बनियनवाले चौघे सांगलीकडून आले होते, ते यात पक्के मुरलेले. आळीपाळीने एक जण पुढे येणार, थोडा वेळ ओढणार, बाजूला सरकून मागे जाणार. न बोलता, नुसतं कोपर हलवून. मला त्यांचा राग आला आणि कौतुकही वाटलं.

मी पडघ्यापर्यंत भिंत झालो, पडघ्यानंतरही भिंत झालो. माझ्या पाठीमागून सुध्या अधूनमधून म्हणायचा, "विज्या, दमलास तर सांग."

"तू गप बस आणि खा," मी म्हणायचो. खिशातल्या शेंगदाण्याच्या चिक्क्या त्याने कसाऱ्यापर्यंत संपवायच्या असं ठरलेलं होतं.

घाट सुरू झाला तसा मी बाजूला झालो आणि म्हणालो, "जा." सुध्या गेला. पहिल्या वळणावर तो दिसत होता, दुसऱ्या वळणावर त्याची टोपी दिसली, मग काहीच नाही. मी मात्र जीभ बाहेर काढून चढत राहिलो. कठड्यावर माकडं बसली होती, तीही माझ्याकडे जरा दयेनेच बघत होती. एका ट्रकवाल्याने खिडकीतून विचारलं, "पहिलवान, बैठेगा क्या पीछे?" मी त्याला काय म्हणालो ते इथे गाळतो.

इगतपुरी

वर पोचलो तेव्हा सुध्या घोंगडी पांघरून चहा पीत होता. त्या दिवशीच्या शर्यतीत तिसरा! आणि सहाव्या नंबरावर आलेल्या लाल बनियनवाल्यावर त्याची साडेसहा मिनिटांची आघाडी. गौतमदादा इतका खूश होता की त्याने स्वतःच्या हाताने माझ्या पायाला मालिश केली, हे त्याने ना आधी कधी केलं, ना नंतर.

मुक्काम माझ्या मावशीकडे. मावशी आमची कणकवलीकडची, लग्न होऊन रेल्वेच्या क्वार्टरमध्ये आली त्याला पंचवीस वर्षं झाली. काका घाटावरचे, इंजिन शेडमध्ये कामाला. घरात चूल निम्मी कोकणातली, निम्मी नाशकाकडची. आम्ही दारात उभे राहतो न राहतो तोच ती म्हणाली, "काय रे झिला, कितको वाळलंस!" मी ऐंशी किलोचा. सुध्याला पाहिल्यावर तिला बोलायला शब्दच सुचेनात.

आमच्याकडे शर्यतीच्या आदल्या रात्री भात आणि माशाची कढी. तिच्याकडे बाजरीची भाकरी, पिठलं, लसणाचा ठेचा आणि सोबत, खास माझ्यासाठी, गावाहून आलेल्या सुक्या बांगड्याची चटणी. काका म्हणत होते की बाजरीने अंगात ऊब राहते, मावशी म्हणत होती की भाताशिवाय माणूस जेवला असं म्हणताच येत नाही, आणि दोघं मिळून दोन्ही आमच्या ताटात वाढत होते. सुध्याने चार भाकऱ्या खाल्ल्या. मावशीला तो तेवढ्यावरच पसंत पडला.

जेवल्यावर आम्ही दोघं ओट्यावर बसलो. समोर घाटाच्या बाजूला धुकं साचत होतं. सुध्या आपला मोडलेला खांदा चोळत होता.

"काय रे?"

"काही नाही." मग म्हणाला, "विज्या, उद्या मी पुन्हा पडलो ना, तर घरी तोंड दाखवता येणार नाही."

"पडायचं नाही. महिनाभर येऊरच्या उतारावर काय केलं आपण? भजी तळली? बोल, काय शिकवलं मी?"

त्याने शाळेतल्यासारखं म्हणून दाखवलं. ब्रेक वळणाच्या आधी दाबायचा, वळणात सोडायचा. बाहेरच्या बाजूचा पाय खाली, सगळा भार त्या पायावर. हात खालच्या दांडीवर. नजर दरीकडे नाही, दगडाकडे नाही. जिथे जायचंय तिथे, वळणाच्या पलीकडे.

"झकास. आणि उद्या माझ्या मागच्या चाकाकडे बघायचं. मी दाबला की तू दाब, मी सोडला की तू सोड. मी तुला हाताला धरून खाली नेतो, समजलं?"

"तू असलास की जमतं रे," तो म्हणाला.

मला फार बरं वाटलं ते ऐकून. उताराचा मला भलता गर्व आहे, तो आता लपवून काय उपयोग. अख्ख्या मुलुंडमध्ये घाट उतरावा तर विज्याने, असं मीच सगळ्यांना सांगत फिरायचो.

आता जे सांगतो ते मावशीला कुणी सांगू नका. हे वाचून कुणी इगतपुरीला गेलात आणि रेल्वे क्वार्टरमध्ये तिच्या हातचं जेवलात, तरीही नाही.

रात्री गौतमदादाने दोन्ही सायकली तपासून पडवीत ठेवल्या आणि तो टेम्पोत झोपायला गेला. पहाटे मी उठलो तेव्हा मावशीची अंघोळ झाली होती. माझ्या सायकलच्या दांडीला हळदकुंकू, पुढे उदबत्ती, आणि सायकल अशी चमकत होती की विकत आणली तेव्हाही चमकली नसेल.

"पोरगो शर्यतीक जातलो, तर गाडी धुळीन भरलेली बरी दिसता?" मावशी म्हणाली. "पुसून ठेवलंय. तुझ्या दोस्ताचीय पुसणार होतंय, पण मेला दूध उतू गेला."

मी तिच्या पाया पडलो. गौतमदादाचा एक नियम आहे: गाडीवर शेवटचा हात आपला. कुणीही हात लावला, अगदी त्याने स्वतः लावला, तरी त्यानंतर आपण एकदा चाक फिरवून, ब्रेक दाबून बघायचं. मी बघितलं नाही. मावशीने पुसलेली सायकल काय तपासायची, असं वाटलं. चूक माझीच.

घाट

सुरुवात गावातून, पुढे पोलिसांची जीप, तिच्यामागे आम्ही सगळे हळूहळू. धुकं असं की पुढच्याची पाठ दिसायची, त्याच्या पुढचा नाही. घाटनदेवीपाशी सगळ्यांनी चालत्या सायकलवरून हात जोडले. तिथे मी एकदा ब्रेकला बोट लावलं, जरा घसरल्यासारखं झालं. म्हटलं दंव असेल. जीप बाजूला झाली, शिट्टी वाजली आणि सगळे सुटले.

वर येणाऱ्या गाड्या पोलिसांनी खाली कसाऱ्याला थांबवल्या होत्या, म्हणून रस्ता मोकळा होता. तरी घाट तो घाट. बंद पडलेल्या ट्रकच्या चाकामागे ड्रायव्हर मोठे दगड लावतात आणि जाताना ते तिथेच ठेवून जातात, नेमके वळणावर. मी खाली वाकलो, मागे ओरडलो, "सुध्या, आहेस?"

"आहे!"

लाल बनियनवाले पुढे सुसाट निघाले. त्यांचा डाव सरळ होता: सुध्या उताराला कच्चा आहे हे सगळ्यांना ठाऊक, त्याला इथेच सोडायचा. मी त्यांच्या मागे लागलो. पहिलं मोठं वळण आलं. मी दोन्ही ब्रेक दाबले.

काहीही झालं नाही.

म्हणजे दांड्या दबल्या, रबर चाकाला टेकलं आणि चाक आपलं मजेत फिरत राहिलं. मी होतं नव्हतं तेवढं अंग आतल्या बाजूला टाकलं, पाय खाली दाबला आणि कठड्यापासून हातभर अंतरावरून कसाबसा निघालो. पुढच्या सरळ तुकड्यावर पुन्हा दाबून पाहिलं. तसंच. आपण गेलो, असं मला अगदी स्पष्ट वाटलं. आणि त्याच्या मागोमाग वाटलं, सुध्या माझ्या चाकाकडे बघत येतोय. मी जाईन तिथे हा येणार.

"सुध्या! पुढे हो! माझ्यामागे येऊ नकोस!"

"काय?"

"ब्रेक गेले माझे! पुढे हो!"

मी छाती उघडी करून ताठ बसलो, म्हणजे वारा तरी मला अडवेल. ऐंशी किलोचा तेवढाच एक फायदा. सुध्या बाजूने पुढे आला, त्याचा चेहरा पांढरा पडलेला. आणि पुढे येताच त्याने सवयीप्रमाणे ब्रेक आवळले. आता मी त्याच्या मागून धाडधाड येतोय, मला थांबता येत नाही आणि हा माझ्यापुढे ब्रेक दाबतोय!

"दाबू नकोस! आदळेन मी तुझ्यावर! सोड!"

त्याने सोडले. वळण आलं. मी मागून ओरडत होतो, "आता थोडा दाब! बस! सोड! बाहेरचा पाय! समोर बघ, समोर!" आणि सुध्या, जो दोन वर्षं प्रत्येक वळणावर मरत होता, तो सुरीने लोणी कापावं तसा त्या वळणातून निघाला. मी पायडलवरचा पायाचा पट्टा सैल करून बुटाचा तळवा मागच्या टायरवर घासत, रबराचा वास खात त्याच्यामागे. पुढचं वळणही तसंच. मधे एकदा दगड आले, तो आतून गेला, मी बाहेरून. खरं सांगतो, त्या घाबरलेल्या अवस्थेतही मला आनंद झाला. मी जे महिनाभर येऊरला घसा फोडून सांगत होतो ते हा पोरगा माझ्या डोळ्यासमोर करत होता.

त्यानंतरचं वळण मात्र मला झेपण्यातलं नव्हतं. घाट तिथे एकदम परत फिरतो. सुध्याने आधी दाबला, सोडला, गेला. माझ्या बुटाचा तळवा एव्हाना संपत आला होता. वळणाच्या तोंडाशी, डाव्या हाताला, रस्त्याच्या कामासाठी टाकलेला मुरमाचा भलामोठा ढीग होता. ज्याने तो तिथे टाकला त्याचं देव भलं करो. मी डोळे मिटले आणि ढिगात घुसलो.

उठलो तेव्हा तोंडात मुरूम, कोपर सोललेलं, गुडघ्यातून रक्त, पण हाडं सगळी जागच्या जागी. सायकल उचलली, चाकाच्या कडेवर बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. खोबरेल तेल! मावशीने माझी सायकल नुसती पुसली नव्हती, डोक्याला लावतात तसं प्रेमाने तेल चोळून पुसली होती. दोन्ही चाकांच्या कडा, आत-बाहेर, कुठे कोरडी जागा म्हणून ठेवली नव्हती. मी त्या ढिगावर बसून आधी हसलो. मग मुठी भरभरून मुरूम घेतला, कडांना आणि ब्रेकच्या रबरांना घासला, बनियनने पुसला, पुन्हा घासला. मागून येणारे सायकलवाले "लागलं का रे?" विचारत जात होते. चाकं फिरवून पाहिली, ब्रेक धरत होते. कुरकुरत, पण धरत होते.

मी बेताबेताने उतरायला लागलो. सुध्या एव्हाना खाली पोचून पुढच्या घोळक्यात असेल, माझं काम झालं, असा विचार करत कसाऱ्याच्या अलीकडे आलो. शेवटून दुसऱ्या वळणावर समोरून कुणीतरी येताना दिसलं. सायकलवर. घाट चढत. उभा राहून, जीव खाऊन.

शर्यतीत उलट्या दिशेने चढणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. तो सुध्या होता.

मी असा ब्रेक दाबला की मुरूम ओरडला. "अरे गाढवा! इथे काय करतोयस तू?"

तो सायकलवरून उतरला नाही, पडल्यासारखा खाली आला आणि माझे दोन्ही दंड धरले. "खाली येऊन मागे बघितलं तर तू नाहीस. मला वाटलं दरीत..."

"म्हणून तू वर निघालास? वर येऊन काय करणार होतास?"

"माहीत नाही रे."

"आणि तू कसा उतरलास खालपर्यंत?"

"तू मागे आहेस म्हणून! ब्रेक दाबला असता तर तू आदळला असतास. दाबलाच नाही."

मी निम्म्या घाटातच मुरमात बसलो होतो हे त्याला ठाऊक नव्हतं. बाकीचा घाट, सगळी वळणं, तो मला वाचवायला सुसाट उतरला होता, आणि मी तिथे नव्हतोच. पण त्याला मिठी मारायला वेळ नव्हता.

"पुढचे किती पुढे होते?"

"खाली पोचलो तेव्हा समोर दिसत होते. अर्धं मिनिट असेल."

"आणि आता?"

मी त्याची सायकल उलटी फिरवली. "बस. माझ्यामागे चाक लाव. आणि पुन्हा मागे वळून बघितलंस तर मीच तुला दरीत टाकीन."

कसारा ते मुलुंड

खर्डीपाशी टेम्पो आम्हाला गाठून पुढे गेला. गौतमदादाची युक्ती अशी की पुढे जाऊन घोळका गेला की घड्याळ बघायचं, आम्ही आलो की पुन्हा बघायचं. त्याने रस्त्याच्या कडेला उभं राहून ओरडून सांगितलं, "सात मिनिटं!"

घोळक्यात काल सहावा आलेला तो लाल बनियनवाला होता. सुध्याकडे त्याच्यावर साडेसहा मिनिटं होती. म्हणजे अर्धं मिनिट आम्ही पाण्यात, आणि समोर पाऊणशे किलोमीटर.

त्या पाऊणशे किलोमीटरचं वर्णन करण्यासारखं माझ्याकडे काही नाही, कारण मला डांबर सोडून काही दिसलंच नाही. मी ओढत होतो. सुध्या म्हणायचा, "मी येतो पुढे," मी म्हणायचो, "मर तिथेच." घाटात मागे पडलेले दोघं-तिघं वाटेत भेटले, त्यांना म्हटलं, आळीपाळीने ओढा. त्यातला एक पक्का फुकट्या निघाला, नुसता चाकाला चिकटून. त्याला मी दोन शब्द ऐकवले, मग तोही ओढायला लागला. शहापूरला एका म्हाताऱ्या बाईने रस्त्याकडेला उभं राहून माझ्या गुडघ्याकडे बघून "अगं बाई!" केलं. शहापूरला साडेसहा मिनिटं झाली होती. पडघ्याला गौतमदादा नुसता हात नाचवत होता, "सहा! सहावर आले!"

भिवंडीकडे खाडीचा वारा थेट छातीवर यायला लागला, तशी पुढच्या घोळक्यात आपोआप "आधी आपण" सुरू झाली असणार, कारण ते मंदावले. मी मंदावलो नाही. पण माणूस म्हणजे काही इंजिन नव्हे. ठाण्याच्या अलीकडे खाडीच्या पुलावर माझ्या डोळ्यापुढे काजवे चमकले आणि पाय हलेनासे झाले.

"जा," मी म्हणालो. "आणि सुध्या, आईशपथ सांगतो, आता थांबलास तर दोस्ती संपली."

तो गेला. मी पुलाच्या कठड्याला टेकून त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिलो. मग एका टपरीवर दोन ग्लास उसाचा रस प्यालो, आणि तो मला मनापासून आवडला हे कबूल करतो.

चेकनाक्यावर मी पोचलो तेव्हा माझं नाव लिहिणारा माणूस टेबल आवरत होता. मंडप अर्धा उतरवलेला. गौतमदादा धावत आला, त्याच्या पोटासकट. "पाचवा! शेवटी एकट्याला वारा लागला, तरी नऊ सेकंदांनी पाचवा!" मला मिठी मारली, माझं कोपर सोललेलं आहे हे विसरून. मी रडलो. कोपर दुखलं म्हणून, असं मी तेव्हा सांगितलं.

"सुध्या कुठाय?"

गौतमदादाने हात कपाळाला लावला. "तूच समजाव त्याला. ते कंपनीचे साहेब अर्धा तास गाडीत बसलेत. म्हणाले, अर्जावर सही कर, सोमवारी ये. आणि हा जागचा हलत नाही."

पलीकडे, रस्त्याच्या कडेला, ठाण्याकडे तोंड करून सुध्या उभा होता. मी त्याच्या समोरूनच आलो होतो. पण टेम्पोच्या आडून आल्याने त्याला दिसलो नव्हतो. अंगावर घामाचं मीठ, हातात अर्जाचा कागद, पण सही न केलेला. मी मागून त्याच्या पाठीत एक धपका घातला. तो वळला. त्याने आधी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, गुडघा, कोपर, सगळं.

"साहेब थांबलेत ना रे तुझ्यासाठी?" मी ओरडलो. "इतकी वर्षं वाट बघितलीस त्या नोकरीची! तुला ती महत्त्वाची की मी?"

"नोकरीच," सुध्या म्हणाला. "पण म्हटलं, तू आधी ये."